मशीनमधलं पाणी जात का नाही?

“मशीन मध्येच थांबलंय, आत पाणी तसंच आहे, दार उघडत नाही. आता काय करू?” वॉशिंग मशीन असलेल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. उद्याचा गणवेश आत अडकलेला असतो, काचेमागे राखाडी पाणी हलत असतं आणि मेकॅनिक फोनवर “परवा येतो” म्हणतो.

हा बिघाड दिसायला घाबरवणारा असला, तरी समजायला सोपा आहे. ड्रममधलं पाणी मोरीपर्यंत एकाच ठरलेल्या वाटेने जातं. ते त्या वाटेवर नेमकं कुठे अडलंय, एवढंच शोधायचं असतं. शोध मोरीकडून सुरू करायचा आणि एकेक टप्पा मागे येत मशीनच्या पोटापर्यंत पोहोचायचं. मोरीकडची तपासणी फुकटात होते, पोटातली महाग पडते. हा क्रम पाळला तर बऱ्याचदा मेकॅनिकला बोलवावंच लागत नाही. बोलवावं लागलंच तर त्याला काय सांगायचं हे तरी नक्की कळतं.

१. आधी तक्रार नीट ओळखू

“पाणी जात नाही” या एका वाक्याखाली चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

पहिली, ड्रममध्ये खरोखर पाणी साचलेलं दिसतंय. हे प्रकरण मुख्यतः त्याबद्दल आहे.

दुसरी, पाणी गेलंय पण कपडे निथळत आहेत. इथे पाणी बाहेर टाकण्यात काही चुकलेलं नसतं, स्पिन झालेलं नसतं. एकटी चादर किंवा एकटं बाथमॅट टाकलं की ड्रमचं वजन एका बाजूला जातं आणि मशीन जोरात फिरायचं टाळतं. कपडे मोकळे करून, सोबत दोन-तीन कपडे घालून पुन्हा फक्त स्पिन लावा.

तिसरी, मध्येच वीज गेली होती. परत आल्यावर काही मशीन उरलेलं काम पुढे सुरू करतात, काहींना पुन्हा सांगावं लागतं. ‘ड्रेन’ किंवा ‘स्पिन’ निवडून पाहा.

चौथी, ड्रम रिकामा आहे तरी मशीन पाणी असल्यासारखं वागतंय. त्याबद्दल सातव्या भागात पाहू.

मशीनवर अक्षरं झळकत असतील तर ती लिहून ठेवा. पाणी वेळेत बाहेर गेलं नाही, हे सांगायला एलजीच्या मशीनवर ‘ओई’ येतं, सॅमसंगवर ‘५ई’ किंवा ‘५सी’, बॉशवर ‘ई१८’. या खुणेतून पाणी अडलंय एवढंच कळतं. ते कुठे अडलंय, हे मशीनला ठाऊक नसतं.

२. तीन मशीन, दोन तऱ्हा

पाणी बाहेर काढायच्या तऱ्हा दोनच आहेत: ढकलणं आणि सोडून देणं.

फ्रंट लोड मशीन पाणी ढकलतं. ड्रमच्या तळाशी एक छोटा विजेचा पंप असतो. पाणी आधी एका फिल्टरमधून जातं, मग पंपात येतं आणि तिथून पाइपने वर चढून बाहेर पडतं. म्हणून या मशीनच्या पाइपचं तोंड जमिनीपासून उंच, साधारण ६० ते १०० सेंटिमीटरवर ठेवायचं असतं.

आपल्याकडची बहुतेक सेमी ऑटोमॅटिक आणि बरीचशी टॉप लोड मशीन पाणी सोडून देतात. तळाशी रबरी झडप असते. ती उघडली की पाणी उताराने आपोआप निघून जातं. तिथे ढकलणारं कोणी नसल्याने पाइप जमिनीलगत, उतरताच असावा लागतो. काही टॉप लोडमध्ये मात्र पंप असतो. तुमच्या मशीनचा पाइप कारखान्यातूनच मागच्या बाजूला उंचावर क्लिपने अडकवून आला असेल, तर आत पंप आहे असं समजायला हरकत नाही. खात्री माहितीपुस्तिकेत होईल.

हा फरक का महत्त्वाचा? फ्रंट लोडसाठी बरोबर असलेली जागा टॉप लोडला अडवते. जुनं फ्रंट लोड काढून त्याच जागी टॉप लोड आणलं, पाइप भिंतीतल्या त्याच उंच भोकात खुपसला आणि पहिल्याच दिवशी पाणी अडलं, असं होतं. त्यात मशीन बिघडलेलं नसतं. उताराने जाणारं पाणी चढावर कसं जाणार?

३. हात लावण्याआधी

स्विच बंद करा आणि पिन सॉकेटमधून काढून ठेवा. नुसता मशीनवरचा स्विच बंद करणं पुरेसं नाही. जमीन ओली असेल तर आधी पुसून घ्या. पाणी गरम लावलं असेल तर ते निवेपर्यंत थांबा. ६० अंशांचं साबणाचं पाणी हातावर आलं तर चांगलंच भाजतं. मुलांना लांब ठेवा.

दार ओढून उघडायचा प्रयत्न करू नका. फ्रंट लोडचं कुलूप वीज बंद झाल्यावरही एक-दोन मिनिटं घट्ट राहतं, कारण त्यातला तापलेला भाग थंड व्हावा लागतो. आणि पाणी काचेपर्यंत असताना दार उघडलंच, तर ते सगळं खोलीत येईल.

४. मोरीकडून सुरुवात

पाइप ज्या जागी सोडलाय ती जागा पाहा. ड्राय बाल्कनीतल्या न्हाणी ट्रॅपवर जाळी असते. तिच्यावर केस, धागे, साबणाचा गाळ बसलेला असतो. जाळी उचला आणि एक बादली पाणी एका दमात ओता. पाणी वर चढून जमिनीवर आलं तर अडथळा घराच्या पाइपात आहे. तिथे काम प्लंबरचं आहे, मशीनवाल्याचं नाही. पावसाळ्यात सोसायटीची खालची लाइन तुंबली की तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर हाच अनुभव येतो.

मोरी मोकळी असेल तर पाइप पाहा. मशीन भिंतीला चिकटवल्यावर मागे पाइप दबतो, कधी त्याला पीळ पडतो. साफसफाईसाठी मशीन सरकवल्यानंतरच पाणी अडायला लागलं असेल, तर पहिला संशय इथेच घ्या. पाइपाचं टोक ट्रॅपमधल्या पाण्यात बुडालेलं नसावं. टॉप लोडमध्ये तेवढ्यानेही पाणी मंदावतं. उंदरांनी पाइप किंवा खालची वायर कुरतडल्याच्या खुणा आहेत का, तेही पाहून घ्या.

आता फ्रंट लोडसाठी एक छोटी परीक्षा. स्टुलावर १० लिटरची बादली ठेवा. पाइप मोरीतून काढून नेहमीच्याच उंचीवर बादलीत धरा. दुसऱ्या कोणाला स्विचपाशी उभं करा आणि ‘ड्रेन’ किंवा ‘स्पिन’ लावा. पाइप धरणाऱ्याने कोरड्या जागी, रबरी चपला घालून उभं राहावं. बादली भरत आली की स्विच बंद.

हिशेब सोपा आहे. धडधाकट पंप मिनिटाला साधारण १५ लिटर पाणी फेकतो, म्हणजे ४ सेकंदांत १ लिटर. १० लिटरची बादली ४० सेकंदांच्या आसपास भरायला हवी. तशी भरली तर मशीन निर्दोष आहे आणि दोष मोरीत आहे. तीच बादली भरायला ४ मिनिटं लागली, तर पाणी मिनिटाला अडीच लिटरच येतंय. वाट अर्धवट तुंबलीय. मशीन ठरावीक मिनिटं वाट पाहतं, तेवढ्यात ड्रम रिकामा झाला नाही की थांबून तक्रार करतं. काहीच आलं नाही तर पुढच्या भागाकडे वळायचं.

पाइपाच्या उंचीचाही हिशेब करून पाहू. आतून २ सेंटिमीटर व्यासाच्या पाइपात दर १०० सेंटिमीटरमागे सुमारे ३१५ मिलिलिटर पाणी मावतं. पंप थांबला की चढावरच्या भागातलं पाणी परत खाली येतं. पाइप खिडकीतून बाहेर काढायला दीड मीटर उंच नेला असेल, तर दर वेळी जवळजवळ अर्धा लिटर घाण पाणी मशीनमध्ये परतणार. शिवाय हा पंप साधारण १ मीटर चढाच्या हिशेबाने बनवलेला असतो. त्याहून उंच न्यायला लावलं की त्याचा जोर कमी पडतो. लांबवलेल्या, जोड दिलेल्या पाइपांनी हेच होतं.

५. फिल्टर: बहुतेकांचं उत्तर इथे सापडतं

फ्रंट लोडच्या समोरच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात एक छोटी चौकोनी झाकणी असते. ती नाण्याने किंवा चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उघडते. आत फिल्टरची गोल मूठ दिसते. काही मशीनमध्ये तिच्या शेजारी बूच लावलेली एक बारीक नळीही असते. ती अशाच वेळेसाठी दिलेली असते. नळी बाहेर ओढा, बूच काढा, पाणी निवांत येऊ द्या.

नळी नसेल तर मूठच थोडी सैल करायची. पसरट परात किंवा जुना ट्रे झाकणीखाली सरकवा, आजूबाजूला जुने टॉवेल अंथरा. मूठ उलट्या दिशेने पाव वळसा फिरवा, पाणी पाझरू लागलं की थांबा, परात भरली की मूठ पुन्हा घट्ट करा. ड्रममध्ये १५ लिटर पाणी असेल आणि परातीत दोन लिटर मावत असेल, तर हे सात-आठ वेळा करायचं आहे. कंटाळा येऊन मूठ एकदम बाहेर काढू नका. उरलेलं पाणी थांबवायला मग काही राहत नाही.

पाणी संपल्यावर फिल्टर ओढून काढा. त्यावर बोटाएवढा जाड, बुळबुळीत राखाडी थर असतो: कपड्यांचे तंतू, केस आणि साबणाचा साका. त्यात गुंतलेलं असतं ते खिशातलं आणि अंगावरचं सारं: रुपयाचं नाणं, हेअरपिन, सेफ्टी पिन, शर्टाचं बटण, कागदी रुमालाचा लगदा, गजऱ्याचा दोरा. सगळं नळाखाली जुन्या टूथब्रशने धुऊन काढा.

फिल्टरची जागा मोकळी झाली की आत टॉर्च मारा. समोर किंवा बाजूला पंपाचं छोटं प्लास्टिकचं पातं दिसेल. पिन सॉकेटमधून काढलेलीच आहे ना, हे पुन्हा पाहा आणि पातं पेन्सिलीने फिरवा. ते अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरेल. हे बरोबर आहे. पात्याच्या दांड्यावर चुंबक आहे आणि तेच दर अर्ध्या वळशाला त्याला धरून ठेवतं. पातं अजिबात हलत नसेल तर त्यामागे पिन किंवा दोरा अडकलाय, तो चिमट्याने काढा. उलट ते कसलाही विरोध न करता गरगर फिरत असेल, तर पातं दांड्यावरून सुटलंय. तो पंप बदलावा लागेल.

फिल्टर परत बसवताना त्याची रबरी रिंग पुसून घ्या आणि मूठ पूर्ण घट्ट करा. मग ड्रममध्ये लिटरभर पाणी ओतून झाकणीखाली थेंब येतोय का ते पाहा. गळत नसेल तरच पिन सॉकेटमध्ये लावा.

६. पंपाचा आवाज काय सांगतो

फिल्टर साफ आहे, पाइप मोकळा आहे, तरी पाणी जात नाही. आता ‘ड्रेन’ लावून मशीनच्या खालच्या भागाजवळ कान द्यायचा.

आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. पंपाच्या मोटरचं चुंबक दर आवर्तनाला एक वळसा घेतं. ५० गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला ३,००० फेरे. म्हणून चांगला पंप एकसारखा, स्थिर घुमतो. त्या आवाजातला बदल ओळखता येतो.

नुसतं गुणगुणणं आणि पाणी नाही: वीज पोहोचतेय, पातं अडकलंय. खडखड: पात्यापाशी नाणं, बटण किंवा तुटलेला तुकडा आहे. आवाज एकसारखा पण पाणी नाही: पातं सुटलंय, किंवा ड्रम आणि पंप यांच्यामधल्या रबरी नळीत काही बसलंय. तान्ह्या बाळाचा मोजा दाराच्या रबरामागून सरकून तिथे जाऊन बसतो. पूर्ण शांतता: पंपापर्यंत वीज पोहोचत नाही किंवा त्याची गुंडाळी जळलीय.

पहिल्या दोन आवाजांवर तुम्ही स्वतः फिल्टरमधून प्रयत्न करू शकता. पुढच्या दोन्हींसाठी मशीन उघडावं लागतं, ते जाणकाराकडे सोपवा.

व्होल्टेज फार कमी असतानाही पंप नुसता गुणगुणतो. संध्याकाळी दिवे मंद होत असतील आणि तेव्हाच पाणी अडत असेल, तर पंप बदलण्याआधी रात्री उशिरा एकदा लावून पाहा.

७. झडपेची मशीन

पंप नसलेल्या टॉप लोडमध्ये एक छोटी मोटर दोरी ओढल्यासारखी रबरी झडप ओढून उघडते. बहुतेक मशीनमध्ये तीच मोटर टबचा ब्रेकही सोडवते. म्हणून ही मोटर गेली की पाणीही जात नाही आणि स्पिनही होत नाही. दोन्ही तक्रारी एकदम आल्या, तर मेकॅनिकला हे आवर्जून सांगा. पाणी जातंय पण संथपणे, असं असेल तर झडपेपाशी तंतू किंवा कापडाचा तुकडा आहे.

सेमी ऑटोमॅटिकमध्ये हेच काम तुमचा हात करतो. ‘ड्रेन’चं बटण फिरवलं की आतली पट्टी झडप उचलते. बटण हलकं, पोकळ फिरत असेल तर पट्टी निसटलीय. ड्रायरचं पाणीही त्याच पाइपाने जातं. पाइप वर अडकवून ठेवला असेल तर ते ड्रायरच्या तळाशी साचतं, टोपली त्यात अडखळत फिरते आणि मोटर तापते. ड्रायर लावण्याआधी पाइप जमिनीवर आडवा टाकायची सवय ठेवा.

पाणी गेलं तरी मशीनला न कळण्याचा प्रकार ऑटोमॅटिक मशीनमध्ये होतो. मशीनला पाणी दिसत नाही, हवेचा दाब कळतो. स्टीलचा ग्लास उलटा धरून पाण्याच्या बादलीत दाबा. आतली हवा कोंडते आणि ग्लास जितका खोल जाईल तितकी जास्त दाबली जाते. टबच्या तळाशी असाच एक हवेचा कप्पा असतो. त्यातून निघालेली बारीक नळी वर एका सेन्सरला जोडलेली असते. पाणी १० सेंटिमीटर चढलं की कोंडलेल्या हवेचा दाब वातावरणाच्या साधारण एक शतांशाने वाढतो आणि सेन्सरला तेवढा फरक पुरतो.

त्या कप्प्यात साबणाचा साका बसला की पाणी गेल्यावरही दाबलेली हवा आतच राहते. मशीनला वाटतं, पाणी अजून आहे. पंप रिकामा घुमत राहतो, दार उघडत नाही. अशा वेळी चांगला पंप बदलून काहीच साधत नाही. नळी आणि कप्पा साफ करावा लागतो.

८. साबणाचं प्रमाण

हाताने धुवायची पावडर भरपूर फेस व्हावा म्हणूनच बनवलेली असते. ती फ्रंट लोडमध्ये टाकली की पंपापर्यंत पाण्याऐवजी फेस येतो. पातं पाणी ढकलू शकतं, फेस त्याच्या पकडीत येत नाही. काचेमागे फेसच फेस दिसत असेल तर मशीन बंद करून तासभर थांबा. फेस बसला की ‘ड्रेन’ लावा, मग साध्या पाण्याने एकदा खळबळून घ्या. पुढच्या वेळी मशीनसाठीची, कमी फेसाची पावडर वापरा आणि पाकिटावरच्या मापाने घाला.

बोअरचं पाणी जड असेल तर त्यातला चुना आणि साबण मिळून चिकट साका होतो. फिल्टरवरचा राखाडी थर आणि हवेच्या कप्प्यातला अडथळा त्यातूनच तयार होतो. अशा घरात फिल्टर महिन्यातून एकदा धुवा आणि कंपनीने सांगितलेली क्षार काढायची पावडर अधूनमधून चालवा. गोड्या पाण्याच्या घरात फिल्टर दोन-तीन महिन्यांनी धुतला तरी चालतं.

९. मेकॅनिक आल्यावर

त्याला सांगा: मशीन कोणत्या प्रकारचं आहे, कोणती अक्षरं झळकली, बादलीच्या परीक्षेत काय दिसलं, फिल्टरमध्ये काय सापडलं, पंपाचा आवाज कसा होता. एवढ्या माहितीवर चांगला कारागीर योग्य सुटा भाग बरोबर घेऊनच येतो आणि त्याची दुसरी खेप वाचते.

“पंप गेलाय” असं तो म्हणाला तर दोन गोष्टी नम्रपणे विचारा: पंपापर्यंत वीज येतेय का ते मोजलं का, आणि पातं मोकळं आहे का. वीज येतेय, पातं मोकळं आहे, तरी पंप फिरत नाही, तर तो खरोखर गेलाय. जुना पंप मागून घ्या. वॉरंटी असेल तर नाणं-पिन अडकल्यामुळे झालेला बिघाड तिच्यात धरलाय का, हे आधीच वाचून ठेवा.

आणि घर नवं असेल किंवा स्वयंपाकघराचं काम निघालं असेल, तर यातल्या निम्म्या कटकटी त्याच वेळी टाळता येतात. मशीन कोणतं घेणार हे आधी ठरवा. फ्रंट लोडसाठी भिंतीत ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर रुंद तोंडाचा पाइप मागा, टॉप लोडसाठी जमिनीलगत. पाइप तोंडात घट्ट कोंबून बंद करू नका, भोवती हवेला जागा राहू द्या. नाहीतर मशीनमधलं पाणी भरता भरताच ओढलं जाऊ शकतं. आणि मशीन कडप्प्याच्या ओट्याखाली बसवायचं असेल तर सुताराला फिल्टरची झाकणी दाखवा. ती पूर्ण उघडली पाहिजे आणि तिच्यासमोर परात ठेवायला जागा राहिली पाहिजे. हे त्या दिवशी पाहिलं नाही, तर दहा मिनिटांचं काम करायला पुढे दर वेळी सत्तर किलोचं मशीन ओढून बाहेर काढावं लागतं.